नोड ॲपसाठी कंटिन्युअस प्रोफाइलिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कंटिन्युअस प्रोफाइलिंग म्हणजे नेमकं काय?

नोड म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन. त्यावरचं ॲप प्रॉडक्शनवर, म्हणजे खऱ्या वापरकर्त्यांसाठी, चालू असताना प्रोफाइलर ठरावीक अंतराने बघतो की या क्षणी कोणतं फंक्शन चालू आहे आणि त्याला कोणी बोलावलं. हे अखंड चालतं. जमलेली माहिती दर काही सेकंदांनी किंवा मिनिटाने एका सर्व्हरवर जाते आणि वेळेसकट साठवली जाते. त्यामुळे 'मंगळवारी दुपारी तीनला सीपीयू कशात गेला?' हा प्रश्न बुधवारी सकाळी विचारला तरी उत्तर मिळतं.

नेहमीच्या प्रोफाइलिंगपेक्षा फरक एवढाच, पण तोच महत्त्वाचा. नेहमीचं प्रोफाइल अडचण आल्यावर घेतलं जातं आणि तोवर अडचण बरेचदा निघून गेलेली असते. गूगलने स्वतःच्या डेटा सेंटरमध्ये हे कसं केलं, याबद्दलचा पेपर २०१० साली प्रसिद्ध झाला. तेव्हापासून ही कल्पना हळूहळू सगळ्यांच्या आवाक्यात आली आहे.

आमच्याकडे मेट्रिक्स आहेत, लॉग आहेत, ट्रेसिंगही आहे. मग हे कशाला?

मेट्रिक्स सांगतात की सीपीयू चढला. ट्रेस सांगतो की अमुक रिक्वेस्टला अमुक टप्प्यावर वेळ लागला. पण ट्रेसमधल्या एखाद्या लांबलचक पट्टीच्या आत काय चाललं होतं, हे ट्रेसला माहीत नसतं, कारण तिथे कोणी स्पॅन, म्हणजे वेळ मोजायची खूण, टाकलेला नसतो. प्रोफाइल थेट फंक्शनच्या नावापर्यंत आणि ओळीपर्यंत नेतं आणि त्यासाठी कोडमध्ये आधी खुणा करून ठेवाव्या लागत नाहीत. कुठे बघायचं हे आधीच ठाऊक असतं, तर अडचण उरलीच नसती.

नोडमध्येच याची एवढी गरज का भासते?

कारण तुमचं सगळं जावास्क्रिप्ट एकाच थ्रेडवर धावतं. साधा हिशोब करा. एका रिक्वेस्टमागे २० मिलिसेकंदांचं सिंक्रोनस, म्हणजे संपेपर्यंत थ्रेड अडवून ठेवणारं, काम असेल, तर एक प्रोसेस सेकंदाला जास्तीत जास्त ५० रिक्वेस्ट हाताळू शकते. डेटाबेस कितीही वेगवान असो, हा आकडा हलत नाही.

दुसरी गोष्ट याहून त्रासदायक आहे. एका रिक्वेस्टने इव्हेंट लूप, म्हणजे त्या थ्रेडवर एकामागून एक कामं घेणारं चक्र, ४०० मिलिसेकंद अडवला, तर त्या प्रोसेसमधल्या बाकी सगळ्या रिक्वेस्ट तेवढा वेळ ताटकळतात. ग्राफमध्ये मंद दिसतात त्या बिचाऱ्या साध्यासुध्या रिक्वेस्ट, आणि दोषी भलतीच असते. हेल्थ चेकही त्याच थ्रेडवर उत्तर देतो, म्हणून तोही अडकतो. मग ऑर्केस्ट्रेटर (कंटेनर सांभाळणारी कुबरनेटीससारखी यंत्रणा) धडधाकट पॉड, म्हणजे ॲपची चालू प्रत, मारून नवा उभा करतो, आणि टीम दिवसभर नेटवर्कवर संशय घेत बसते. रिक्वेस्टनिहाय आकड्यांवरून हा दोषी सापडणं फार अवघड असतं. प्रोफाइलच्या ग्राफमध्ये मात्र तो सगळ्यात रुंद पट्टी होऊन समोर येतो.

आत नेमकं काय चालतं?

नोडच्या आत जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या व्ही८ इंजिनमध्येच सॅम्पलिंग प्रोफाइलर आहे, आणि नोडसाठीचे बहुतेक एजंट, म्हणजे ॲपमध्ये बसून माहिती गोळा करणारी पॅकेजेस, त्याच्याच जोरावर उभे आहेत. तो प्रत्येक फंक्शनची सुरुवात आणि शेवट मोजत नाही. ठरावीक अंतराने कॉल स्टॅकचं, म्हणजे कोणी कोणाला बोलावलं त्या साखळीचं, चित्र टिपतो, बस्स.

समजा सेकंदाला १०० सॅम्पल घेतले. १० सेकंदांत १००० सॅम्पल झाले. त्यांतल्या ३० सॅम्पलमध्ये एखादं फंक्शन स्टॅकवर सापडलं, तर त्या १० सेकंदांतला साधारण ३ टक्के, म्हणजे ३०० मिलिसेकंद वेळ त्यात गेला असं धरायचं. एखादं फंक्शन एकदाच, २ मिलिसेकंद चाललं असेल तर ते निसटेल, आणि निसटलं तरी बिघडत नाही. पण तेच फंक्शन दिवसभरात लाखो वेळा चालत असेल, तर सॅम्पलच्या जाळ्यातून ते सुटत नाही. अखंड प्रोफाइलिंगची ताकद इथेच आहे: सॅम्पल विरळ असले तरी काळ लांब असतो.

प्रॉडक्शनवर सतत चालू ठेवलं तर ॲप मंद होणार नाही का?

भार पडतो. 'शून्य ओव्हरहेड' असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण तो किती पडावा हे तुमच्या हातात असतं. सॅम्पलमधलं अंतर १ मिलिसेकंदावरून १० मिलिसेकंदांवर नेलं की सेकंदाला १००० ऐवजी १०० सॅम्पल होतात, आणि रोजच्या कामाला तेवढे पुरतात. स्टॅक जितके खोल, तितका प्रत्येक सॅम्पल महाग. सोर्स मॅप (तयार झालेल्या कोडवरून मूळ ओळी शोधून देणाऱ्या फाइल) लोड करायलाही मेमरी लागते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

दुसऱ्यांचे आकडे वाचत बसण्यापेक्षा स्वतःच मोजा. सारख्याच ट्रॅफिकच्या दोन इन्स्टन्स घ्या, एकीवर एजंट चालू ठेवा, दुसरीवर बंद. एक दिवस सीपीयू, मेमरी आणि पी९९ लेटन्सी (१०० पैकी ९९ रिक्वेस्ट जेवढ्या वेळात संपतात तो वेळ) बघा. निर्णय त्यावरून घ्या.

सुरुवात कुठून करू?

थेट सर्व्हर उभारण्याआधी एकदा स्वतःच्या मशीनवर प्रोफाइल घ्या. नोड १२ पासून 'सीपीयू-प्रॉफ' नावाचा फ्लॅग आहे. तो लावून ॲप चालवा, थोडा लोड द्या आणि ॲप बंद करा. त्याच फोल्डरमध्ये एक प्रोफाइलची फाइल तयार होते आणि ती क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये उघडते. या फ्लॅगचं ठरलेलं अंतर १००० मायक्रोसेकंद आहे. फाइल लिहिली जाते ती प्रोसेस नीट बाहेर पडतानाच, म्हणून प्रोसेस जबरदस्तीने मारलीत तर हाती काही लागत नाही.

हे एकदा केलं की फ्लेम ग्राफ, म्हणजे प्रोफाइलचं पट्ट्यांचं चित्र, कसा दिसतो, आपल्या ॲपची नेहमीची फंक्शन्स कोणती, याचा अंदाज येतो. ओळखीचा चेहरा आधी बघितलेला असला की गर्दीत अनोळखी चटकन दिसतो.

सर्व्हर आणि एजंट कोणते निवडायचे?

स्वतः चालवायचं असेल तर ग्राफाना पायरोस्कोप हा सरळ मार्ग आहे. तो ओपन सोर्स आहे, नोडसाठी त्याचं पॅकेज आहे आणि सर्व्हर ४०४० पोर्टवर ऐकतो. पायरोस्कोप ही मुळात वेगळी कंपनी होती, २०२३ मध्ये ती ग्राफाना लॅब्जकडे गेली. आधीपासून डेटाडॉग किंवा गूगल क्लाउड वापरत असाल, तर त्यांचे स्वतःचे प्रोफाइलर आहेत आणि वेगळा सर्व्हर सांभाळायची गरज नाही. मेट्रिक्स, लॉग आणि ट्रेस यांचं खुलं मानक ठरवणाऱ्या ओपनटेलिमेट्रीने २०२४ मध्ये प्रोफाइलिंग हाही आपला एक सिग्नल म्हणून जाहीर केला, तिकडे लक्ष ठेवलेलं बरं.

माझं मत विचाराल तर निवडीत महिना घालवू नका. बहुतेक साधनं प्रोफाइल साठवण्याचा पीप्रॉफ हाच फॉरमॅट ओळखतात, त्यामुळे उद्या सर्व्हर बदलला तरी फार काही वाया जात नाही.

एजंट बसवताना काय काय सांभाळायचं?

पॅकेज टाकणं आणि सर्व्हरचा पत्ता देणं हे पाच मिनिटांचं काम आहे. लोक चुकतात ते त्याच्या आजूबाजूला.

एजंट मुख्य फाइलमध्ये सगळ्यात वर, बाकीचे मॉड्यूल लोड होण्याआधी सुरू करा. ॲप उभं राहतानाचा काळ हीसुद्धा बघण्यासारखी गोष्ट असते. पॉड तयार व्हायला वेळ का लागतो, याचं उत्तर बरेचदा तिथे मिळतं.

सर्व्हिसचं नाव, एन्व्हायर्नमेंट आणि व्हर्जन हे तीन टॅग पहिल्या दिवसापासून लावा. व्हर्जनमध्ये गिट कमिट घाला. हा एक टॅग नसेल तर 'कालच्या डिप्लॉयनंतर काय बदललं?' हा सगळ्यात उपयोगी प्रश्न विचारताच येत नाही, आणि मागच्या डेटाला टॅग नंतर लावता येत नाही. उलट युझर आयडी किंवा रिक्वेस्ट आयडी टॅग म्हणून कधीही टाकू नका. टॅगच्या प्रत्येक नव्या मूल्याला वेगळी मालिका तयार होते आणि साठवणूक बघता बघता फुगते. राउटचं नाव चालेल, पण 'ऑर्डर्स' आणि मग आकड्याची जागा, असा साचा टाका. प्रत्यक्ष आकडा नको.

आणि एक चाचणी जरूर करा: प्रोफाइलिंगचा सर्व्हर मुद्दाम बंद ठेवून ॲप चालवा. ॲपला त्याची गंधवार्ताही लागता कामा नये. निरीक्षणासाठी बसवलेल्या वस्तूनेच ॲप पाडलं, तर टीम तिच्यावर पुन्हा भरवसा ठेवत नाही.

बंद होतानाचंही बघा. कुबरनेटीस आधी टर्म सिग्नल, म्हणजे बंद होण्याची सूचना, पाठवतो आणि वेगळं काही सांगितलं नसेल तर ३० सेकंद थांबतो. त्या वेळात एजंटला थांबवून शेवटचा तुकडा पाठवून द्या. पॉड मरण्याआधीचं शेवटचं मिनिटच बरेचदा सगळ्यात बोलकं असतं.

वॉल टाइम आणि सीपीयू टाइम यांत कुठला बघायचा?

वॉल टाइम म्हणजे घड्याळातला वेळ, सीपीयू टाइम म्हणजे प्रोसेसरने खरोखर काम केलेला वेळ. सीपीयूचा खर्च कमी करायचा असेल तर दुसरा बघा, लेटन्सीच्या मागे असाल तर पहिला. काही एजंटमध्ये सीपीयू टाइम वेगळा चालू करावा लागतो, तेव्हा सेटिंग तपासा.

दोन्ही शेजारी ठेवले की एक छुपी गोष्ट उघड होते. कंटेनरला सीपीयूची मर्यादा घातलेली असते, आणि लिनक्समध्ये तिचा हिशोब सहसा १०० मिलिसेकंदांच्या खिडक्यांत होतो. वाट्याचा सीपीयू संपला की पुढच्या खिडकीपर्यंत प्रोसेस थिजते. लक्षात घ्या, हा वाटा एकट्या जावास्क्रिप्टचा नसतो. गार्बेज कलेक्टरचे (नको असलेली मेमरी मोकळी करणाऱ्याचे) आणि जेआयटी कंपायलरचे (चालता चालता मशिन कोड बनवणाऱ्याचे) मदतनीस थ्रेडही त्यातूनच घेतात. अशा वेळी वॉल टाइममध्ये अगदी किरकोळ फंक्शन्सही फुगलेली दिसतात आणि सीपीयू टाइममध्ये ती बारीकच राहतात. तिथे कोडला हात लावू नका. मर्यादा तपासा.

फ्लेम ग्राफ वाचायचा कसा?

ब्रेंडन ग्रेग यांनी २०११ मध्ये हा ग्राफ तयार केला. पहिली चूक सगळे एकच करतात: डावीकडून उजवीकडे म्हणजे काळ, असं समजतात. तसं नाही. रुंदी म्हणजे वाटा आणि उंची म्हणजे कॉलची खोली. शेजारी असलेल्या दोन पट्ट्यांचा एकमेकींच्या आधी-नंतर असण्याशी संबंध नाही. रंगांनाही सहसा अर्थ नसतो.

प्रत्येक पट्टीला दोन आकडे असतात. टोटल म्हणजे ते फंक्शन आणि त्याने बोलावलेली सगळी मिळून, आणि सेल्फ म्हणजे फक्त त्याच्या स्वतःच्या ओळी. तुमचा राउट हँडलर टोटलमध्ये ८० टक्के दिसला तर घाबरू नका, तो सगळ्यांचा बाप आहे. रुंद पट्टीवरून टोकाकडे जात राहा आणि रुंदी कुठे अचानक तुटते ते शोधा.

एक उदाहरण जवळून सांगतो. मी सांभाळत असलेल्या एका सर्व्हिसमध्ये रोज ठरावीक वेळी लेटन्सी चढायची. डेटाबेसच्या क्वेऱ्या ठीक होत्या, ट्रेसमध्ये रिपोर्टच्या राउटवर एक लांब रिकामा पट्टा तेवढा दिसायचा. स्वतःच्या मशीनवर पन्नास ओळींच्या डेटावर तोच राउट क्षणात उत्तर द्यायचा. प्रॉडक्शनचं त्या वेळेचं प्रोफाइल उघडलं. रिपोर्टच्या हँडलरवर मॅप, मॅपवर ओळ तयार करणारं फंक्शन, आणि त्यावर जवळजवळ तेवढीच रुंद पट्टी तारखेच्या टू-लोकेल-स्ट्रिंगची. प्रत्येक ओळीतली तारीख माणसाला वाचता यावी म्हणून कोणीतरी सरळ हे फंक्शन वापरलं होतं. ते दर वेळी लोकेलची माहिती नव्याने शोधतं. एकदा बोलावलं तर कळतही नाही, हजारो ओळींच्या लूपमध्ये मात्र तेच सगळा वेळ खातं. जावास्क्रिप्टमधल्याच इंटलचा (Intl) डेट-टाइम-फॉरमॅट लूपच्या बाहेर एकदाच तयार केला आणि आत तोच वापरला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेच्या ग्राफमधून ती पट्टी नाहीशी झाली. कोड वाचून ही ओळ कोणाला खटकली नसती. रिव्ह्यूमध्ये ती मीही वाचली होती.

ग्राफमध्ये सगळीकडे 'अनॉनिमस' दिसतं, किंवा एकेका अक्षराची नावं दिसतात. काय करू?

एकेका अक्षराची नावं म्हणजे कोड मिनिफाय झालेला, म्हणजे आकार कमी करण्यासाठी आकसवलेला, आहे. सर्व्हरवरच्या कोडला मिनिफाय करण्याची सहसा गरज नसते, ते बंद करा. टाइपस्क्रिप्ट असेल तर सोर्स मॅप इमेजमध्ये न्या आणि एजंटला त्यांचा फोल्डर दाखवा. नोडचा सोर्स मॅपचा फ्लॅग एररच्या स्टॅक ट्रेससाठी असतो, प्रोफाइलरला तो आपोआप लागू होईल असं गृहीत धरू नका.

अनॉनिमसचा इलाज सोपा आहे: कॉलबॅकला नाव द्या.

अवेट केलेला वेळ प्रोफाइलमध्ये का दिसत नाही?

कारण त्या वेळात तुमचं फंक्शन स्टॅकवर नसतंच. अवेटपाशी ते बाजूला होतं आणि थ्रेड दुसऱ्या कामाला लागतो. डेटाबेसने ३०० मिलिसेकंद घेतले तर ते ट्रेसमध्ये दिसतील, इथे नाही. अवेटनंतर फंक्शन पुन्हा सुरू होतं तेव्हाही मूळ बोलावणारा स्टॅकवर नसतो. म्हणून एकाच रिक्वेस्टचं काम ग्राफमध्ये दोन-तीन ठिकाणी विखुरलेलं आढळतं. राउटचं लेबल लावण्याची सोय एजंटमध्ये असेल तर ती वापरा, विखुरलेले तुकडे निदान एका नावाखाली येतात.

इथेच आणखी एक फसवी जागा आहे. फाइल वाचणं, झिप करणं, पासवर्ड हॅश करणं, डीएनएसचा नेहमीचा लुकअप, ही कामं असिंक पद्धतीने केली तर ती लिबयूव्हीच्या (नोडच्या आतल्या लायब्ररीच्या) थ्रेड पूलमध्ये जातात. त्या पूलमध्ये मुळात ४ थ्रेड असतात. एकाच वेळी वीस लॉगिन आले तर सोळा हॅश रांगेत उभे राहतात, आणि त्यांच्यामागे बिचारा डीएनएसचा लुकअपही. जावास्क्रिप्टचं प्रोफाइल मात्र सांगतं की थ्रेड निवांत बसलाय. लेटन्सी चढलेली आणि प्रोफाइल रिकामं असेल तर या पूलवर संशय घ्या.

'आयडल', 'प्रोग्रॅम' आणि 'गार्बेज कलेक्टर' या पट्ट्या कुठून आल्या?

आयडल म्हणजे इव्हेंट लूपला काम नव्हतं, हे चांगलंच आहे. प्रोग्रॅम म्हणजे जावास्क्रिप्टबाहेरचं नेटिव्ह काम. गार्बेज कलेक्टरची पट्टी रुंद असेल तर सीपीयूचं प्रोफाइल मिटवा आणि हीपचं, म्हणजे ऑब्जेक्ट राहतात त्या मेमरीचं, उघडा, कारण खरा प्रश्न सीपीयूचा नसून कोणीतरी भराभर ऑब्जेक्ट तयार करत असल्याचा आहे.

मेमरी लीक यात सापडतो का?

बऱ्याचदा सापडतो. हीप प्रोफाइलरही सॅम्पलिंगच करतो, साधारण दर ५१२ केबीच्या वाटपामागे एक. जे ऑब्जेक्ट अजून जिवंत आहेत ते कोणत्या ओळीवर जन्मले, हे तो दाखवतो. सकाळचं आणि रात्रीचं हीप प्रोफाइल शेजारी ठेवा. ट्रॅफिक सारखंच असताना जी पट्टी वाढतच गेली, तिथे बघा. कधीच रिकामा न होणारा कॅश म्हणून वापरलेला मॅप आणि काढायचे राहून गेलेले इव्हेंट लिसनर, हे दोन जुने ओळखीचे आरोपी.

मात्र ऑब्जेक्ट कुठे जन्मला हे कळतं, त्याला धरून कोण बसलंय हे कळत नाही. त्यासाठी हीप स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या सगळ्या हीपची नक्कल, लागतो. तो घेताना इव्हेंट लूप थांबतो आणि हीपच्या साधारण दुप्पट मेमरी लागते. मेमरी आधीच काठोकाठ भरलेली असताना तो घेतलात तर प्रोसेस मरण्याची शक्यता जास्त. आधी त्या पॉडचं ट्रॅफिक काढून घ्या.

वर्कर थ्रेड आणि क्लस्टर असेल तर?

प्रत्येक वर्करचं व्ही८ आयसोलेट, म्हणजे इंजिनची स्वतंत्र प्रत, वेगळं असतं. मुख्य थ्रेडवरचा एजंट त्यातलं काही बघत नाही, वर्करमध्ये तो वेगळा सुरू करावा लागतो, आणि एजंटला ते जमतं का हे आधी तपासा. क्लस्टरमध्ये तर प्रोसेसच वेगळ्या असतात, त्यामुळे प्रत्येक चाइल्डमध्ये एजंट हवा.

ईबीपीएफवाला एजंट लावला तर कोडला हात लावावाच लागत नाही, खरं का?

खरं आहे. ईबीपीएफ म्हणजे लिनक्सच्या कर्नलमध्ये छोटे प्रोग्रॅम चालवण्याची सोय. असा एजंट कर्नलमधून सगळ्या प्रोसेस एकदम बघतो. पार्का या ओपन सोर्स साधनाचा असा एजंट सेकंदाला १९ सॅम्पल घेतो. आकडा मुद्दाम असा विचित्र, ठरावीक तालात चालणाऱ्या कामांशी गाठ पडू नये म्हणून. नेटिव्ह ॲडऑन आणि थ्रेड पूलमधलं कामही यात दिसतं, हा मोठा फायदा. पण जावास्क्रिप्टचं मशिन कोड व्ही८ चालू असताना तयार करतं, त्यामुळे फंक्शनची नावं मिळायला एजंटला व्ही८ची आतली रचना समजावी लागते. नोडची व्हर्जन बदलली की नावं येतायत ना, ते पुन्हा बघा. शिवाय होस्टवर वरचे अधिकार लागतात, ते प्रत्येक ठिकाणी मिळत नाहीत.

प्रॉडक्शनवर इन्स्पेक्ट पोर्ट उघडून प्रोफाइल घेतलं तर?

नको. इन्स्पेक्ट पोर्ट म्हणजे डीबगरला प्रोसेसमध्ये येऊ देणारा दरवाजा. त्या ९२२९ पोर्टवर ज्याला पोहोचता येतं, तो तुमच्या प्रोसेसमध्ये हवा तो कोड चालवू शकतो. नोड तो पोर्ट मुळात फक्त लोकलहोस्टवर उघडतो, तो सगळ्या इंटरफेसवर खुला करू नका. एजंट हे काम प्रोसेसच्या आतूनच करतो, त्याला हा पोर्ट लागत नाही. प्रोफाइलमध्ये व्हेरिएबलची मूल्यं नसतात, फंक्शनची आणि फाइलची नावं असतात. हीप स्नॅपशॉटमध्ये मात्र टोकन आणि पासवर्डसुद्धा असू शकतात, ती फाइल पासवर्डइतकीच जपा.

डेटा किती दिवस ठेवायचा?

निदान दोन रिलीजची तुलना करता येईल इतका. तुमचं ट्रॅफिक महिन्याच्या तालावर चालत असेल तर महिनाभर.

सगळं बसवून महिना झाला, पण ग्राफ कोणी उघडत नाही.

कारण नुसता ग्राफ बघून काही सुचत नाही. दोन ग्राफांमधला फरक बघितला की सुचतं. प्रत्येक डिप्लॉयनंतर अर्ध्या तासाने जुनी व्हर्जन आणि नवी व्हर्जन असा डिफ उघडा. वाढलेल्या पट्ट्या एका रंगात, घटलेल्या दुसऱ्या रंगात दिसतात. ट्रॅफिक कमीजास्त असेल तर एकूण वेळेऐवजी टक्केवारी बघा. बदललेल्या कोडशी जुळत नसलेली पट्टी वाढलेली दिसली, तर एखादं डिपेंडन्सीचं अपडेट त्यामागे असू शकतं, लॉक फाइलमधला (डिपेंडन्सींच्या नेमक्या व्हर्जन नोंदवणाऱ्या फाइलमधला) बदल उघडून बघा. डिफची लिंक डिप्लॉयच्या मेसेजमध्ये आपोआप पडेल अशी व्यवस्था करा. डॅशबोर्ड शोधत कोणी जात नाही, समोर आलेली लिंक मात्र उघडली जाते.